पाहिलेला चित्रपट आणि ऐकलेला चित्रपट

नाशिकला लागलेला चित्रपट ओझरला दोन वेळा पोहोचतो. प्रथम तो पाहून आलेल्याच्या बोलण्यातून पोहोचतो, आणि त्यानंतर, तिकिटाचा व जाण्यायेण्याचा खर्च करून कोणी गेलेच तर, प्रत्यक्ष. मुंबई-आग्रा रस्त्यावरील हे वीसएक किलोमीटरांचे अंतर तसे किरकोळ. परंतु चित्रपटाविषयीच्या अभिप्रायाला ते एक निश्चित काम लावून देते. पाहून आलेल्याला न पाहिलेला विचारतो, “कसा आहे?” ह्या दोन शब्दांच्या उत्तरावर घरातल्या चारपाच जणांचा रविवार आणि काही शे रुपये अवलंबून असतात. वृत्तपत्रातील परीक्षणावर इतके प्रत्यक्ष काही क्वचितच अवलंबून असते. अभिप्रायाची भाषा तपासावयाची तर ती येथून, ह्या गरजेच्या जागेवरून, तपासणे म्हणून अधिक इष्ट होय.

ओझरची भाषिक वस्तीही ह्या तपासणीला सोयीची आहे. एकीकडे बाणगंगेच्या काठचे, द्राक्षबागांचे निफाड तालुक्यातील जुने गाव. दुसरीकडे १९६४ साली उभ्या राहिलेल्या मिग विमानांच्या कारखान्यामुळे वसलेली, नाना प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची वसाहत. चित्रपट हा दोहोंच्या बोलण्यातला सामाईक विषय. त्यात गमतीही होतात. मराठी माणसाचा ‘पिक्चर’ पुल्लिंगी असतो, हिंदी भाषिकाची ‘पिक्चर’ स्त्रीलिंगी. आणि वसाहतीत मराठी शिकलेला हिंदी भाषिक “पिक्चर चांगली होती” असे म्हणतो, तेव्हा त्याचे सारे मराठी शुद्ध असूनही एका ईकाराने त्याचा मुलूख कळतो. पण लिंगभेदाची ही बाब वरवरची आहे. “कसा आहे?” ह्या प्रश्नाला मराठीत जी उत्तरे मिळतात त्यांच्या घडणीतील भेद अधिक खोल आहे.

उत्तरे ऐकावीत. “चालला.” “पडला.” “आपटला.” ह्या वाक्यांत चित्रपट हा कर्ता आहे आणि पाहणारा कोठेच नाही. पाहिला नसतानाही असे बोलता येते, कारण ही बाजारवार्ता आहे. नाटक पडे, तसा चित्रपट पडतो. त्याचे पडणे ही तिकीटखिडकीवरील घटना असते, रसिकाच्या मनातील नव्हे. दुसरा गट: “जमला आहे,” “रंगला आहे,” “फसला आहे,” “उत्तरार्धात ताणला आहे.” भट्टी जमते, कीर्तन रंगते, बेत फसतो, चित्रपटाच्या कारागिरीविषयी बोलताना मराठी माणूस शब्द आणतो ते स्वयंपाकघरातून, देवळातून, फडावरून. येथे बोलणाऱ्याने चित्रपट पाहिला असावा असे मानले जाते, मात्र क्रियापद तसे सांगत नाही. तिसरा गट वेगळाच आहे: “मला आवडला,” “मला पटला नाही,” “मला झेपला नाही.” पाहणारा येथे वाक्यात येतो, परंतु कर्त्याच्या रुबाबात नव्हे, तो चतुर्थीत येतो आणि क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) अशा वाक्यांतील खरा कर्ता कोणता, ह्याचा खल चालत आलेला आहे. चित्रपटाच्या संदर्भात त्याचे उत्तर काहीही असो, अर्थ स्पष्ट आहे: आवडणे ही बोलणाऱ्याने केलेली क्रिया नव्हे, त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. आणि जिच्या बाबतीत ती घडली ती व्यक्ती वाक्यात हजर आहे.

चौथे उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे: “छान आहे म्हणे.”

ह्या ‘म्हणे’कडे व्याकरणकारांनी जितके लक्ष दिले त्यापेक्षा समीक्षकांनी अधिक द्यावयास हवे होते. वाक्याच्या शेवटी, आघात न घेता येणारा हा शब्द सांगतो की, वरील विधान ऐकीव आहे. ते खरे असेल, नसेल. बोलणारा त्याला जामीन नाही. हिंदीत ह्यासाठी ‘सुना है’ असे निराळे उपवाक्य लागते. कन्नडमधील ‘अंते’ आणि तेलुगूमधील ‘अट’ मात्र ‘म्हणे’च्या अगदी जवळचे आहेत. वसाहतीतल्या कन्नड अगर तेलुगू घराला मराठीची आणखी पुष्कळ वळणे अवघड जातील, पण ह्या शब्दाचे प्रयोजन त्याला समजावून सांगावे लागणार नाही. ‘म्हणे’ची जागाही अर्थ बदलते. “मोठा दिग्दर्शक आहे म्हणे” ही ऐकीव माहिती; “म्हणे मोठा दिग्दर्शक!” ही हेटाळणी. तोच शब्द शेवटून आरंभी आला की तटस्थता संपते आणि अविश्वास सुरू होतो.

‘म्हणे’ची एक साधी कसोटी आहे. “मला काल आवडला म्हणे” हे वाक्य मराठीत उभे राहत नाही. स्वतःचा अनुभव कोणी स्वतःच्या कानावर आलेल्या बातमीसारखा सांगत नाही. “लहानपणी मला तो फार आवडला होता म्हणे” हे मात्र चालते, कारण तेथे आवडल्याची आठवण स्वतःची नसून घरातल्या वडीलमाणसांची आहे. म्हणजे प्रथमपुरुषी चतुर्थी आणि ‘म्हणे’ ही दोन एकमेकांना दूर लोटतात. मराठीने पाहिलेला चित्रपट आणि ऐकलेला चित्रपट ह्यांच्यामध्ये व्याकरणाचीच एक भिंत उभी केली आहे, आणि बोलताना अशिक्षित मनुष्यही ती चुकून ओलांडत नाही.

नाशिक जिल्ह्याला ह्या विषयात एक वडिलोपार्जित हक्क आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. १९१०–११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी मुलाला, भालचंद्राला, प्राण्यांचा एक चित्रपट दाखविला. मुलाने घरी येऊन आईला ते सारे सांगितले. घरातल्या कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सर्वांना घेऊन गेले. त्या दिवशी पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन होते. तपशिलांत चरित्रकारांचे एकमत नाही. तथापि ह्या प्रसंगाचा गाभा अभिप्रायाच्या दृष्टीने मोलाचा आहे: पाहिलेल्याने सांगितले, ऐकणाऱ्यांनी शंका घेतली, आणि शंकेचे निरसन वादाने न करता पाहण्याने केले. सरस्वतीबाईंनी त्या रात्री शेजारणीला काही सांगितले असेलच, तर ते ‘म्हणे’ लावून सांगितले असेल. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याची गरज उरली नाही. पुढे ह्याच बाईंनी फाळक्यांच्या कारखान्यात फिल्मवर भोके पाडण्यापर्यंतची कामे केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

१९१७–१८ मध्ये, नाशिकला बिऱ्हाड आल्यानंतर, फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याविषयी लेख लिहिले. चित्रपट पाहून मनात काय घडले ते मराठीत नोंदविणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्यांची गणना करावी लागेल, आणि आजच्या परीक्षणांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांचा वेगळेपणा चटकन ध्यानात येतो. ख्रिस्ताचा चित्रपट चांगला की वाईट, त्यातले काम कसे, देखावे कसे, ह्याचा निवाडा तेथे जवळजवळ नाही. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण आणि अयोध्या-गोकुळ उभी राहिली, बाहेर येताच पुन्हा तिकीट काढले, रात्र अस्वस्थतेत गेली, असे फाळके सांगतात. सारे काही त्यांच्या बाबतीत घडले आहे. गुणदोषांची यादी करणारा वाचक येथे निराश होईल; पण तो मनुष्य त्या खुर्चीत बसला होता, ह्याविषयी त्या वाचकाला तिळमात्र शंका राहणार नाही. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला, तो ह्या अशा अभिप्रायाचा परिणाम होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

ह्यानंतर परीक्षण हा लेखनप्रकार रूढ झाला. मुंबई-पुण्यात तर झालाच, पण नाशिकहूनही ‘गावकरी’च्या परिवारातील ‘रसरंग’ हे साप्ताहिक निघत असे आणि ते महाराष्ट्रभर वाचले जाई. परीक्षणाने पुष्कळ चांगली कामे केली. मात्र त्याने वाक्यरचना बदलली. ‘परीक्षण’ ह्या शब्दातच परीक्षा आहे. परीक्षक गुण देतो, स्वतःविषयी बोलत नाही. त्यामुळे “मला आवडला” हे वाक्य जाऊन “दिग्दर्शन सफाईदार झाले आहे, छायाचित्रण नेत्रसुखद आहे, संगीत साजेसे आहे” ही नामांची रांग आली. ह्या रांगेत चतुर्थी नाही. कोणाला नेत्रसुखद, कशाला साजेसे, हे विचारण्याची सोय नाही. आता तर रांगेच्या शेवटी तारे येतात. आणि अडीच ताऱ्यांना तर क्रियापदच नाही. असे परीक्षण चित्रपट न पाहता लिहिता येईल काय, हा प्रश्न उद्धट वाटेल; परंतु व्याकरणदृष्ट्या त्याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ही चिंतेची बाब होय. लिहिणाराने पाहिले नाही असा आरोप येथे नाही. त्याने पाहिले आहे ही गोष्ट त्याच्या वाक्यांतून पुसली गेली आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

ह्याउलट, बोलीतील अभिप्रायाची ताकद किती असू शकते ह्याचे उदाहरण नागराज मंजुळे ह्यांच्या ‘सैराट’ने (२०१६) पुरविले. त्याच्या कमाईची बातमी ‘चालला’ ह्या क्रियापदाची बातमी होती. तिने चित्रपटाविषयी फारसे काही सांगितले नाही. पाहून आलेले लोक शेवटाविषयी बोलत. त्या शेवटी आवाज काढून घेतला आहे आणि लहान मुलाची पावले तेवढी दिसत राहतात. ह्यावर मराठीत सहज उमटणारे वाक्य म्हणजे “शेवट बघवला नाही.” ‘बघवणे’ हे शक्य क्रियापद; करवत नाही, खाववत नाही, तसे बघवत नाही. हे वाक्य निंदा आहे की स्तुती? एखाद्या टुकार चित्रपटाविषयीही ते उच्चारता येईल. ‘सैराट’विषयी उच्चारले असता ते मराठीतील श्रेष्ठ प्रतीच्या स्तुतीपैकी एक ठरते, कारण डोळे मिटावेसे वाटणे हाच त्या शेवटाचा हेतू आहे. पण ते कोणत्या अर्थाने म्हटले ते कळावयाचे असेल, तर म्हणणारा चित्रपटगृहात होता हे आधी ठाऊक पाहिजे. वाक्याचा सारा अर्थ साक्षीवर उभा आहे. आणि “शेवट पटला नाही” असे म्हणणाराही असतो. त्याच्या बोलण्यात कोणाला जातीचा वास येईल, कोणाला केवळ सुखांताची हौस दिसेल. तोही ‘मला’ म्हणून बोलत असला तर त्याच्याशी वाद घालता येतो.

निखिल महाजन ह्यांच्या ‘गोदावरी’विषयी (२०२२) नाशिककरांची स्थिती आणखी निराळी होती. नदीकाठच्या वाड्यांतील भाडी गोळा करीत हिंडणारा, घरच्यांपासून तुटलेला निशिकांत हा त्याचा नायक. जितेंद्र जोशी ह्यांना त्या भूमिकेसाठी २०२१ च्या गोव्यातील महोत्सवात पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे वर्षभर आधीच “चांगला आहे म्हणे” हे वाक्य जिल्ह्यात फिरत असल्यास नवल नाही. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र स्थानिक माणसाचा अभिप्राय एका निराळ्या क्रियापदाकडे वळतो: “नाशिक चांगले दाखवले आहे.” हा अभिप्राय भाबडा समजून सोडून देण्यासारखा नाही. रोज ज्या घाटावरून जावयाचे तो घाट पडद्यावर ओळखीचा दिसतो की नाही, ही परीक्षा बाहेरच्या परीक्षकाला घेता येत नाही. तरीही ह्या अभिप्रायात एक चकवा आहे. ओळख पटली की पाहणे थांबते; घाट ओळखण्यात गुंतलेल्याला घाटाकडे पाठ फिरविणारा मनुष्य दिसत नाही, आणि हा चित्रपट त्या पाठीचा आहे. नदी जवळ असूनही तिचा राग का येतो, हा त्याचा प्रश्न आहे. नाशिक चांगले दाखवले म्हणून तो जमला असे नव्हे. नाशिक ज्याला नकोसे झाले आहे त्याच्या नजरेने ते दाखवले म्हणून तो जमला.

आता उलट बाजू. नोव्हेंबर २०१७ मध्ये रवी जाधव ह्यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट परीक्षक मंडळाने निवडलेला असूनही गोव्याच्या महोत्सवातील ‘इंडियन पॅनोरमा’ विभागातून वगळण्यात आला. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष ह्यांनी त्यावर राजीनामा दिला. चित्रपट लोकांपुढे आला तो एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत मराठी समाजात त्याविषयी पुष्कळ मते दिली गेली, आणि ती एका शब्दाच्या शीर्षकावरून दिली गेली. मुलाच्या शिक्षणासाठी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे बसणाऱ्या बाईची ती कथा होती, हे पुढे पाहणाऱ्यांना कळले. २०२५ च्या आरंभी ‘छावा’ ह्या हिंदी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. संभाजी महाराज लेझीम खेळतात त्या दृश्यावर आक्षेप आला आणि फेब्रुवारीत चित्रपट लागण्यापूर्वी ते काढण्यात आले. त्याच वर्षी ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिलला लागावयाचा होता, तो झलकीवरून उठलेल्या आक्षेपांनंतर २५ एप्रिलला लागला.

ह्या तिन्ही प्रसंगांत कोणाची बाजू बरोबर होती ह्याचा निकाल येथे द्यावयाचा नाही. एक भेद मात्र करणे आवश्यक आहे. झलक पाहिलेल्याने झलकेतील दृश्याविषयी बोलणे ही साक्षच आहे. त्याला त्याचा अधिकार आहे. पण तेथून “चित्रपट असा आहे” ह्या वाक्याकडे जाताना मराठी माणसाच्या तोंडी ‘म्हणे’ यावयास हवा होता, आणि तो आला नाही. ‘आहे’ हे क्रियापद पाहिलेल्याच्या आणि न पाहिलेल्याच्या तोंडी सारखेच दिसू लागले. तारतम्य गेले ते येथे. चांगल्या बातमीतही हेच घडते. रोहन परशुराम कानवडे ह्यांच्या ‘सबर बोंडं’ला २०२५ च्या आरंभी सनडान्स महोत्सवात सर्वोच्च परीक्षक-पुरस्कार मिळाला आणि चित्रपट सप्टेंबरात येथे लागला, त्या सातआठ महिन्यांतले कौतुक, कितीही मनापासूनचे असले, तरी ऐकीव होते. ते ‘म्हणे’ लावून केले असते तर त्याचे मोल कमी झाले नसते. उलट न पाहिलेल्याची उत्सुकता त्यात शिल्लक राहिली असती.

‘म्हणे’ हे मुळात काय आहे? ‘म्हणणे’ ह्या धातूचे तृतीयपुरुषी जुने रूप. ‘तो म्हणे’ म्हणजे तो म्हणतो, म्हणत असे. हेच रूप मराठीत अन्यत्रही घरोघर ऐकू येते: ‘तुका म्हणे’ ह्या नाममुद्रेत. रूप एकच, कार्ये परस्परविरुद्ध. नाममुद्रेत म्हणणाऱ्याचे नाव समोर आहे. अभंगाच्या शेवटी येऊन तो जे म्हटले त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेतो. ऐकीव ‘म्हणे’तून नाव गळून गेले आहे, कोण म्हणतो ते माहीत नाही, आणि म्हणूनच जबाबदारी कोणावरच नाही. पण हेही खरे की, दोन्ही ‘म्हणे’ ऐकणाऱ्याला फसवीत नाहीत. पहिला सांगतो, हे माझे. दुसरा सांगतो, हे माझे नाही. मराठी समीक्षेची भाषा ह्या दोन टोकांच्या मध्ये, जेथे वाक्य कोणाचे तेच कळत नाही अशा जागी, येऊन राहिली आहे. ती तेथे का आली ह्याला शास्त्रीयतेची ओढ हे एक कारण असावे. विद्यापीठीय निबंधांनीही त्यात आपला वाटा उचलला आहे.

भ्रमणध्वनीवरून एकाने दुसऱ्याला पाठविलेल्या मजकुराने ह्यात एक नवी गुंतागुंत केली आहे. तोंडी सांगताना पुरुष बदलतो. अ ने ब ला सांगितले, “मला आवडला”; ब जेव्हा क ला सांगतो तेव्हा ते “त्याला आवडला” किंवा “चांगला आहे म्हणे” असे होते. सांगण्याच्या प्रत्येक पायरीवर व्याकरण आपली नोंद करते. पुढे ढकललेल्या मजकुरात पुरुष बदलत नाही. “मी काल कुटुंबासह पाहिला, मध्यंतरात उठून आलो” हे कोणा अज्ञाताचे वाक्य जसेच्या तसे पन्नास जणांच्या नावाने पन्नास घरी पोहोचते. प्रत्येक ठिकाणी ‘मी’ आहे, ‘काल’ आहे. आणि तो ‘मी’ कोणाचाच नाही. ओझरच्या वसाहतीत ज्याने तो मजकूर पाठविला त्याला शेजारी विचारतो, “मध्यंतरात उठलात काय?” आणि तो सांगतो, “मी नाही पाहिला अजून.” ह्यात खोटेपणा कोणी केलेला नाही.

२०१८ साली व्हॉट्सॲपने अशा मजकुराच्या माथ्यावर ‘फॉरवर्डेड’ हा शब्द फिकट, तिरप्या अक्षरांत छापण्यास आरंभ केला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास हा यंत्राने लावलेला ‘म्हणे’ आहे. दोन फरक आहेत. मराठीचा ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटी, ऐकून झाल्यावर येतो आणि ऐकलेल्याचे वजन कमी करतो. यंत्राचा शब्द वाचण्याच्या आधी येतो आणि डोळा त्यावर थांबत नाही. दुसरा फरक असा की, मजकूर निवडून, उचलून, नव्या चौकटीत चिकटविला तर तो शब्द लागतच नाही, आणि चित्रपटांविषयीचे पुष्कळसे अभिप्राय हल्ली असेच चिकटवून पाठविले जातात.